डोके-मान कर्करोग: कर्कपेशी आणि शेजारच्या ऊतींमधली चयापचयी देवाणघेवाण मोजायची कशी

डोके-मान भागातला स्क्वॅमस पेशींचा कर्करोग मानेतल्या लसिकाग्रंथींत पसरतो, तेव्हा तिथे गेलेल्या कर्कपेशी एकट्या नसतात. भोवती फायब्रोब्लास्ट (ऊतीचा आधार बनवणाऱ्या पेशी), रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकारक पेशी असतात, आणि ग्लुकोज, लॅक्टेट, ग्लुटामिन, मेदाम्लं यांची त्यांच्यात ये-जा चालू असते. ही ये-जा मोजायला निघालेले बरेच विद्यार्थी एकाच ठिकाणी चुकतात. दोन प्रकारच्या पेशी एकत्र वाढवतात, मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) लॅक्टेट वाढलेलं दिसतं, आणि लगेच लिहून टाकतात की फायब्रोब्लास्ट लॅक्टेट पुरवतात आणि कर्कपेशी ते वापरतात.

मोजलेली असते फक्त बेरीज. कोण देतं आणि कोण घेतं, हे त्या आकड्यात नसतंच. या कर्करोगात तर दोन्ही दिशांचे पुरावे प्रसिद्ध झालेले आहेत. 2013 मध्ये रुग्णांच्या गाठींवर झालेल्या कामात भोवतालचे फायब्रोब्लास्ट आणि परिपक्व कर्कपेशी लॅक्टेट बाहेर टाकणाऱ्या, तर वेगाने विभागणाऱ्या कर्कपेशी ते वापरणाऱ्या असं चित्र मांडलं गेलं. 2018 मध्ये याच कर्करोगावरच्या दुसऱ्या कामात उलट चित्र आलं. फायब्रोब्लास्टमधून येणारं एचजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन कर्कपेशींचं ग्लायकोलिसिस (ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवणं) वाढवतं आणि कर्कपेशींचं लॅक्टेट फायब्रोब्लास्टच्या मायटोकॉन्ड्रियात वापरलं जातं. म्हणून दिशा गृहीत न धरता प्रयोग कसा बांधायचा, तेवढंच इथे सांगतो. टप्प्यांचा क्रम बदलू नका. पुढच्या टप्प्यातल्या आकड्यांचा अर्थ मागच्या टप्प्यावर अवलंबून आहे.

## टप्पा 1: प्रश्न लिहा आणि उलटं उत्तर काय दिसेल तेही लिहा

वहीत एक वाक्य लिहा: कोणता रेणू, कोणत्या पेशीतून, कोणत्या पेशीत, आणि तिथे जाऊन त्याचं काय होतं. त्याखाली दुसरं वाक्य: हे खोटं असेल तर कोणता आकडा कसा दिसेल. दुसरं वाक्य जमत नसेल तर गोठवलेल्या पेशी वितळवायला काढू नका.

## टप्पा 2: पेशी निवडा, आणि त्या त्याच आहेत याची खात्री करा

प्रसाराबद्दल बोलायचं असेल तर एकाच रुग्णाच्या मूळ गाठीतून आणि लसिकाग्रंथीतून आलेली जोडी सर्वांत चांगली. यूएम-एससीसी-22ए आणि 22बी ही प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींची (पेशी-लाइनची) अशी जोडी आहे: पहिली हायपोफॅरिंक्समधल्या (घशाच्या खालच्या भागातल्या) मूळ गाठीतली, दुसरी त्याच रुग्णाच्या मानेतल्या ग्रंथीतली. डेट्रॉइट 562 फुफ्फुसावरणातल्या द्रवातून आलेली आहे, म्हणजे दूरवर पसरलेल्या रोगातली. फाडू मूळ गाठीतली आहे. फाडूवर काम करून शीर्षकात 'मेटास्टॅटिक' लिहिता येत नाही.

एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा विषाणू) पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पेशींची सरासरी काढू नका. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे आजार आहेत.

सावधान: हेप-2 ही लाइन वर्षानुवर्षं स्वरयंत्राच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, ती प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लाइन आहे. केबी लाइनचंही तेच. एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनए-ओळख) करून घ्या आणि अहवालाची तारीख वहीत चिकटवा.

फायब्रोब्लास्ट गाठीतून काढणार असाल तर त्याच रुग्णाच्या गाठीपासून दूरच्या निरोगी ऊतीतलेही काढा. आचारसमितीची परवानगी आणि रुग्णाची संमती दोन्हींसाठी हवी. ओळख पटवताना व्हायमेंटिन, अल्फा-एसएमए, एफएपी ही फायब्रोब्लास्टची खूण असलेली प्रथिनं आहेत एवढं पाहून थांबू नका. केराटिन व ईपीसीएएम (कर्कपेशींच्या खुणा), सीडी31 (रक्तवाहिन्यांची) आणि सीडी45 (रोगप्रतिकारक पेशींची) नाहीत हेही दाखवा. केराटिन व्यक्त करणाऱ्या थोड्या पेशी जरी 'फायब्रोब्लास्ट'मध्ये राहिल्या, तरी पुढचे सगळे आकडे गढूळ होतात.

प्लास्टिकच्या कडक पृष्ठभागावर निरोगी फायब्रोब्लास्टसुद्धा सक्रिय होतात आणि त्यांच्यात अल्फा-एसएमए चढतं. त्यामुळे कमी पॅसेजचे (थोड्याच वेळा नव्या प्लेटवर हलवलेले) वापरा, आणि गाठीतले व निरोगी दोन्ही एकाच पॅसेजला वापरा.

उंदराचे फायब्रोब्लास्ट मानवी कर्कपेशींबरोबर ठेवू नका. उंदराचं एचजीएफ मानवी मेट रिसेप्टरला (पेशीवर एचजीएफ पकडणाऱ्या प्रथिनाला) नीट चालना देत नाही, म्हणजे या कर्करोगातला एक महत्त्वाचा संदेश प्रयोगातून आपोआप गळतो. मानवी गाठ उंदरात वाढवतानाही ही मर्यादा तशीच असते.

तपासणी: मायकोप्लाझ्मा चाचणी प्रयोगाच्याच आठवड्यातली हवी. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू आर्जिनिन (एक अमिनो आम्ल) फस्त करतो आणि मीडियमचा सगळा हिशेब बिघडवतो. पेशी मात्र नजरेला ठणठणीत दिसतात.

## टप्पा 3: मीडियम ठरवा

सर्वांत जास्त प्रयोग इथे वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

नेहमीच्या हाय-ग्लुकोज डीएमईएम या तयार मीडियममध्ये 25 मिलिमोलर ग्लुकोज आणि 4 मिलिमोलर ग्लुटामिन असतं. रक्तात ग्लुकोज साधारण 5 मिलिमोलर आणि ग्लुटामिन साधारण अर्धा मिलिमोलर. इतक्या मुबलक अन्नात शेजाऱ्याकडून काही घ्यायची पेशीला गरजच पडत नाही, आणि तुम्ही तर नेमकी तीच देवाणघेवाण शोधताय.

मोजमापाचीही अडचण होते. सहा खणांच्या प्लेटमध्ये एका खणात 2 मिलिलिटर मीडियम आणि 10 लाख पेशी आहेत असं धरा. दर 10 लाख पेशी तासाला 0.2 मायक्रोमोल ग्लुकोज वापरतात असंही धरा. 24 तासांत 4.8 मायक्रोमोल संपेल. मीडियम 5 मिलिमोलरचं असेल तर सुरुवातीला 10 मायक्रोमोल होतं आणि निम्मं संपलं, हा फरक स्पष्ट कळतो. 25 मिलिमोलरचं असेल तर 50 मायक्रोमोलातले 4.8 गेले. दहा टक्क्यांपेक्षा कमी घट, म्हणजे पिपेटच्या आणि बाष्पीभवनाच्या चुकीत सहज हरवणारी.

उलट बाजूने, 5 मिलिमोलरचं मीडियम 48 तास न बदलता ठेवलं तर ग्लुकोज संपून पेशी उपाशी पडतील, आणि उपासमारीचा परिणाम तुम्ही शेजाराचा परिणाम म्हणून नोंदवाल. आधी साध्या प्लेटवर दर सहा तासांनी ग्लुकोज मोजा आणि प्रयोग किती तासांचा ठेवायचा ते त्यावरून ठरवा.

मीडियममध्ये घालायच्या सीरममध्ये (रक्तद्रवात) स्वतःचं ग्लुकोज, लॅक्टेट आणि अमिनो आम्लं असतात, म्हणून डायलाइझ केलेलं (लहान रेणू पडद्यातून काढून टाकलेलं) सीरम घ्या. मेदाम्लांवर काम असेल तर तेवढ्यावर भागत नाही. अल्ब्युमिनला चिकटलेली मेदाम्लं डायलिसिसने निघत नाहीत, त्यासाठी मेद काढलेलं सीरम लागतं. तोंडाच्या कर्करोगात प्रसार सुरू करणाऱ्या पेशींवर सीडी36 (मेदाम्लं आत घेणारं प्रथिन) जास्त असतं आणि पामिटिक आम्ल या मेदाम्लाने त्यांची प्रसारक्षमता वाढते, हे 2017 मध्ये दाखवलं गेलं. ते काम पुढे न्यायचं असेल तर पामिटेट मेदाम्लमुक्त अल्ब्युमिनला बांधून द्या आणि नुसत्या अल्ब्युमिनचा कंट्रोल ठेवा.

डीएमईएमच्या काही प्रकारांत 1 मिलिमोलर पायरुव्हेट असतं. लॅक्टेटच्या प्रयोगात ते नको. बाटलीवरचं लेबल वाचा, कॅटलॉग क्रमांक लिहून ठेवा.

सावधान: लॅक्टेट बाहेरून द्यायचं असेल तर सोडियम एल-लॅक्टेट द्या. लॅक्टिक आम्ल दिलंत तर परिणाम लॅक्टेटचा की आम्लतेचा, हे कधीच कळणार नाही. डीएल (दोन आरसा-रूपांचं) मिश्रणही नको. जितकं सोडियम लॅक्टेट, तितकंच मीठ घातलेला कंट्रोल ठेवा. आम्लताही तपासायची असेल तर चार गट करा: पीएच 7.4 आणि 6.8, प्रत्येकी लॅक्टेटसह आणि लॅक्टेटविना.

## टप्पा 4: ऑक्सिजन आणि रिकामे खण

इन्क्युबेटरच्या हवेत ऑक्सिजन साधारण 18.6 टक्के असतो. ऊतींत तो त्याच्या कितीतरी खाली असतो, आणि डोके-मानेच्या गाठींत कमी ऑक्सिजनचे पट्टे नेहमीचे. पण इन्क्युबेटरवरचा आकडा पेशीजवळचा नसतो. खणात 2 मिलिलिटर मीडियम म्हणजे पेशींवर सुमारे 2 मिलिमीटर उंचीचा थर. दाट पेशी खालून जितक्या वेगाने ऑक्सिजन वापरतात तितक्या वेगाने तो त्या थरातून खाली येत नाही. एका गटात मीडियम जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल तर तुम्ही नकळत दोन वेगळ्या ऑक्सिजन पातळ्यांची तुलना करताय. सगळ्या गटांत उंची आणि एकूण पेशींची घनता सारखी ठेवा.

प्रत्येक प्लेटवर निदान तीन खण पेशींविना, फक्त मीडियमचे. 37 अंशांवर ग्लुटामिन पेशी नसतानाही तुटत राहतं आणि अमोनिया तयार होतो. ही घट वजा केली नाही तर ती पेशींच्या खात्यावर चढते. प्लेटच्या कडेच्या खणांत बाष्पीभवन जास्त, तिथे नमुने लावू नका.

## टप्पा 5: पेशी एकत्र कशा ठेवायच्या

तीन पद्धती आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तर देतात.

वापरलेलं मीडियम देणं. सोपं, आणि सर्वांत जास्त फसवणारं. फायब्रोब्लास्टवरून काढलेल्या मीडियममध्ये त्यांची प्रथिनं असतातच, पण ग्लुकोज कमी झालेलं असतं, लॅक्टेट वाढलेलं असतं, पीएच उतरलेला असतो. कर्कपेशींत बदल दिसला तर कारण यातलं कोणतं? मीडियम गाळून त्यातलं ग्लुकोज आणि ग्लुटामिन मोजा, कमी पडलेलं भरून काढा, पीएच जुळवा. मग त्याचा एक भाग 3 किलोडाल्टनच्या फिल्टरमधून काढा. खाली उतरलेल्या भागात लहान रेणू, वर राहिलेल्या भागात एचजीएफसारखी प्रथिनं. वरचा भाग ताज्या मीडियममध्ये परत मिसळा आणि दोन्ही भाग वेगवेगळे देऊन पाहा. या एका पायरीने प्रश्न संदेशाचा आहे की अन्नाचा, हे बरंचसं उलगडतं. कंट्रोल म्हणून ताजं मीडियम पुरत नाही. कर्कपेशींनी स्वतः वापरलेलं मीडियम त्याच प्रक्रियेतून काढून ठेवा.

छिद्रपटलाचं इन्सर्ट. 0.4 मायक्रोमीटर छिद्रांचं घ्या. 8 मायक्रोमीटरचं पेशी आरपार जातात की नाही हे पाहण्यासाठी असतं. ते इथे वापरलं तर वरच्या पेशी खाली उतरतात आणि दोन गट वेगळे राहत नाहीत. लेबल (कार्बन-13ची खूण) असलेल्या रेणूंच्या प्रयोगाला ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण इन्सर्ट उचललं की काही सेकंदांत दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोठवता येतात.

थेट मिश्रण किंवा त्रिमितीय गोळे. स्पर्शाने होणारे परिणाम फक्त इथे दिसतात. पण पेशी परत वेगळ्या करायला ट्रिप्सिन (पेशी सोडवणारं विकर) आणि सॉर्टर (पेशी प्रकारानुसार वेगळ्या करणारं यंत्र) लागतो, आणि तेवढ्या वेळात आतल्या रेणूंचे साठे पार बदलून जातात. या पद्धतीतून आरएनए, प्रथिनं आणि पेशींची संख्या घ्या. चयापचयजांचं (चयापचयातल्या लहान रेणूंचं) थेट मोजमाप घेऊ नका.

## टप्पा 6: आधी साधा हिशेब

महागड्या यंत्राकडे जाण्याआधी ग्लुकोज, लॅक्टेट, ग्लुटामिन आणि ग्लुटामेट मीडियममध्ये मोजा. रिकाम्या खणातला आकडा वजा करा आणि भागाकार शेवटच्या पेशीसंख्येने करू नका. पेशी वाढत असतात, म्हणून संख्येच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे पेशी-तास, घ्या.

आता बेरीज तपासा. समजा एकट्या कर्कपेशींनी 8 मायक्रोमोल लॅक्टेट बाहेर टाकलं, एकट्या फायब्रोब्लास्टनी 3. एकत्र ठेवल्यावर काहीच घडत नसेल तर 11 यायला हवं. 7 आलं तर कुणीतरी वापरतंय, किंवा कुणीतरी कमी बनवतंय. 15 आलं तर कुणीतरी जास्त बनवतंय, पण कोण ते कळत नाही. आणि 11 आलं तरी निश्चिंत होऊ नका: एकाचं उत्पादन चार वाढलं आणि दुसऱ्याने चार वापरलं, तरी 11 च येतं. एकत्र खणातल्या दोन्ही पेशींची संख्या शेवटी वेगवेगळी मोजली नसेल तर यातला कोणताही निष्कर्ष टिकत नाही.

तपासणी: एका ग्लुकोजपासून जास्तीत जास्त दोन लॅक्टेट होतात. गुणोत्तर दोनच्या वर गेलं तर लॅक्टेट दुसरीकडूनही येतंय किंवा मोजमाप चुकलंय. आधी दुसरी शक्यता तपासा.

## टप्पा 7: ऑक्सिजन-वापर आणि आम्लनिर्मिती

पेशींचा ऑक्सिजन-वापर आणि आम्लनिर्मिती मोजणाऱ्या सीहॉर्ससारख्या यंत्रावर मिश्र खण लावून 'कर्कपेशींचा श्वसनदर वाढला' म्हणता येत नाही. तो दोघांचा मिळून दर आहे. इन्सर्टमध्ये शेजार देऊन झाल्यावर एकेक प्रकार वेगळा मोजा, आणि शेजार सुटून किती वेळ झाला ते नोंदवा.

पेशी पेरल्यावर प्लेट तासभर खोलीच्या तापमानाला ठेवा, नाहीतर पेशी खणाच्या कडेला गोळा होतात. श्वसन कमाल वेगाला नेणाऱ्या एफसीसीपी या रसायनाची मात्रा प्रत्येक पेशीप्रकारासाठी वेगळी ठरवा. फायब्रोब्लास्टची मात्रा कर्कपेशींना वापरली की कमाल श्वसनक्षमता चुकीची येते.

आम्लनिर्मितीचा दर म्हणजे ग्लायकोलिसिस नव्हे. श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही पाण्यात आम्ल बनवतो, आणि ज्या फायब्रोब्लास्टचं श्वसन जोरात आहे त्यांच्यात हा वाटा मोठा असतो. श्वसनाचा भाग वजा करून मगच आकडा छापा.

## टप्पा 8: कार्बन-13 ने माग काढणं

दिशेबद्दलचा खरा पुरावा इथे मिळतो, आणि सर्वांत घातक गैरसमजही इथलाच.

पूर्ण लेबल केलेलं लॅक्टेट दिलं आणि पेशीत लेबल असलेलं लॅक्टेट, पायरुव्हेट सापडलं, म्हणजे पेशीने लॅक्टेट 'खाल्लं' असं होत नाही. पेशीच्या आवरणातून लॅक्टेट नेणारे एमसीटी वाहक दोन्ही दिशांनी चालतात. लॅक्टेट आणि प्रोटॉन जोडीने कुठे जातील हे आतबाहेरच्या पातळ्या ठरवतात. लॅक्टेट आणि पायरुव्हेट यांची अदलाबदल करणारं लॅक्टेट डिहायड्रोजनेजही दोन्ही दिशांनी वेगाने चालतं. मोठी नोट देऊन सुट्टे घेतले तर नोट या हातातून त्या हातात जाते, पण कुणाच्याच खिशात भर पडत नाही. तसंच लेबल असलेला रेणू आत येतो, लेबल नसलेला बाहेर जातो, आणि निव्वळ वापर शून्य असू शकतो.

म्हणून दोन गोष्टी एकत्र लागतात: मीडियममधल्या लॅक्टेटची निव्वळ घट, आणि मायटोकॉन्ड्रियातल्या सिट्रिक आम्ल चक्राशी जोडलेल्या सिट्रेट, ग्लुटामेट, मॅलेट यांत पोचलेलं लेबल. लॅक्टेटचे कार्बन पायरुव्हेट डिहायड्रोजनेजमार्गे गेले तर सिट्रेट एम+2 (दोन लेबल-कार्बन असलेलं) दिसतं, पायरुव्हेट कार्बोक्सिलेजमार्गे गेले तर एम+3. लेबल केलेल्या ग्लुटामिनपासून नेहमीच्या दिशेने एम+4 सिट्रेट येतं, उलट्या मार्गाने एम+5. निव्वळ घट नाही, पण सिट्रेटमध्ये लेबल आहे, अशा स्थितीत 'लॅक्टेटचा कार्बन चक्रात शिरतो' एवढंच लिहा. 'लॅक्टेटवर जगतात' लिहू नका.

क्रम असा:

1. आदल्या दिवशी पेशींना लेबल नसलेल्या, पण बाकी हुबेहूब त्याच मीडियमची सवय लावा.
2. लेबलचं मीडियम 37 अंशांवर आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये जुळवून मगच घाला. थंड मीडियम घातलंत की पहिल्या काही मिनिटांचे आकडे वाया गेले.
3. वेगवेगळ्या वेळांचे नमुने घ्या. ग्लायकोलिसिसमधले रेणू मिनिटांत स्थिरावतात, चक्रातल्यांना तास लागतात. एकच वेळ घेतली तर लेबल कमी आहे की अजून चढतंय, हे कळत नाही.
4. मीडियमचा नमुना बाजूला काढा, बाकी ओढून घ्या, बर्फगार मिठाच्या पाण्याने एकदाच भरकन धुवा, आणि उणे 80 अंशांवरचं 80 टक्के मिथेनॉल ओता. फॉस्फेट बफर टाळा, ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये संकेत दाबतं.
5. नैसर्गिक कार्बनमध्येही 1.1 टक्के कार्बन-13 असतो. ती दुरुस्ती करा, आणि लेबल न दिलेला नमुना शेजारी चालवून ती बरोबर बसली का ते पाहा.

सावधान: चौथी पायरी सहकाऱ्याबरोबर रंगीत पाण्यावर आधी करून पाहा. कोण इन्सर्ट उचलणार, कोण ओतणार हे ठरलेलं नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या खणात मिनिटांचा फरक पडतो. एटीपीसारखे रेणू तर सेकंदांत बदलतात.

## टप्पा 9: वाट अडवून पाहा, एकाच बाजूची

औषध सामाईक मीडियममध्ये टाकलं की ते दोन्ही पेशींना लागतं. एझेडडी3965 एमसीटी1 अडवतं, पण कुणाचं? दिशा सिद्ध करायची असेल तर जनुकीय पातळीवर एकाच पेशीप्रकारातला एमसीटी1 काढा, मग दुसऱ्यातला, आणि दोन्हींची तुलना करा. बदल परत आणण्याचा प्रयोगही ठेवा: काढलेला वाहक पुन्हा घातल्यावर वर्तन पूर्ववत व्हायला हवं.

अल्फा-सायानो-4-हायड्रॉक्सिसिनामेट एमसीटीचा अवरोधक म्हणून सर्रास वापरलं जातं. मायटोकॉन्ड्रियात पायरुव्हेट नेणारा वाहक ते त्याहून कितीतरी कमी मात्रेत अडवतं, त्यामुळे त्याच्या निकालावरून लॅक्टेटबद्दल काही ठरवू नका. मेदाम्लांचं ज्वलन अडवणारं एटोमॉक्सिर 5 मायक्रोमोलरच्या खाली ठेवा. 200 मायक्रोमोलरला ते श्वसनसाखळीचं पहिलं संकुलच दाबतं आणि सगळ्याच पेशी 'मेदाम्लांवर अवलंबून' दिसू लागतात.

## टप्पा 10: रुग्णाच्या ऊतीत पडताळा

प्लेटवरचं चित्र ग्रंथीत आहे का, हे पाहायला मूळ गाठ आणि त्याच रुग्णाची लसिकाग्रंथी शेजारी शेजारी ठेवा. केराटिन किंवा पी40 ने कर्कपेशी, अल्फा-एसएमएने फायब्रोब्लास्ट, सीडी45 ने रोगप्रतिकारक पेशी दाखवा. मग एमसीटी1, एमसीटी4 आणि मायटोकॉन्ड्रियासाठी टॉम20. रंग वेगवेगळ्या स्लाइडवर न पाहता त्याच काचेवर एकत्र पाहा. ग्रंथीतल्या लिम्फोसाइटवरचा रंग कर्कपेशींच्या नावावर मोजला जाणं ही इथली नेहमीची चूक. गाठीच्या मधला मृत भाग मोजणीतून वगळा आणि कडेपासून किती अंतरावर मोजलं ते लिहा.

एमसीटी4 दिसलं म्हणजे तिथून लॅक्टेट बाहेर जातंच असं नाही. वाहक आहे एवढंच कळतं. पेट स्कॅनवर ग्रंथी चमकली म्हणजे तिथे ग्लुकोज शोषलं जातंय, पण कर्कपेशींकडून की भोवतालच्या पेशींकडून, हे स्कॅन सांगत नाही.

चयापचयज मोजायला गोठवलेली ऊती हवी असेल तर शस्त्रक्रियागृहात आधी बोलून ठेवा. रक्तपुरवठा तुटल्यावरही पेशी ग्लायकोलिसिस चालू ठेवतात, त्यामुळे ट्रेमध्ये पडून राहिलेल्या तुकड्यात लॅक्टेट चढत जातं. रक्तवाहिनी बांधल्याची वेळ आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाकल्याची वेळ, दोन्ही नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहायला एका माणसाला नेमा. दोन नमुन्यांत या वेळेचा फरक मोठा असेल तर त्यांच्या लॅक्टेटची तुलना करू नका. ते तुकडे रंगकामासाठी वापरा.